खडखड, धूर आणि बिलं : कॉम्पॅक्ट एसयूव्ही दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

शेवटच्या वर्षाच्या चार मुलांचा गट. विषय त्यांनीच आणला. कोल्हापुरात फिरणाऱ्या छोट्या एसयूव्ही किती टिकतात आणि कशापायी गॅरेजला जातात. मूळ शीर्षक होतं ‘सर्वांत भरवशाची गाडी कोणती?’ ते मी खोडलं. या प्रश्नावर टपरीवर अख्खी संध्याकाळ जाते, प्रकल्प होत नाही.

आधी कुंपण घातलं. फक्त चार मीटरच्या आतल्या गाड्या. ही चार मीटरची रेघ इंजिनिअरने नाही, अर्थखात्याने मारलेली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन, अशा गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं आणि पुढे सगळ्या कंपन्यांनी एसयूव्हीची शेपटी कापली. २०१३ ला इकोस्पोर्ट, २०१६ ला विटारा ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन, २०१९ ला एक्सयूव्ही ३०० आणि व्हेन्यू, २०२० ला सॉनेट. क्रेटा आणि डस्टरचे मालकही आपल्या गाडीला कॉम्पॅक्टच म्हणतात, पण त्या लांबीत बसत नाहीत म्हणून बाहेर.

फॉर्मवर भांडण झालं. मुलांना पहिला रकाना कंपनी आणि मॉडेलचा हवा होता. मी तो पानाच्या मागे टाकला. फॉर्म भरून घेणारा वेगळा, वाचून वर्गवारी करणारा वेगळा, आणि वाचणाऱ्याने पान उलटायचं नाही. त्याऐवजी पुढे दोन रकाने घातले : ‘तक्रार, मालकाच्या शब्दांत’ आणि ‘तक्रार, जॉब कार्डवर लिहिलेली’. जॉब कार्ड म्हणजे गाडी घेताना वर्कशॉपचा सल्लागार तक्रार लिहून घेतो तो कागद. हे दोन सारखेच असतील असं गडहिंग्लजच्या मुलीचं म्हणणं. बघू.

२३ जून

बिलं कोण ठेवत नाही. गाडीच्या डिकीत गुळाची ढेप सापडेल, मागच्या सर्व्हिसचं बिल सापडणार नाही. ज्यांच्याकडे आहेत ते बहुतेक शिक्षक किंवा बँकेतले.

मालक स्वतःच्या गाडीबद्दल वाईट बोलत नाही, हे दुसरं. रुईकर कॉलनीतल्या एका गृहस्थांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘‘पाच वर्षं झाली, गाडीला स्पॅनर लागला नाही.’’ आतून वहिनींचा आवाज : ‘‘दिवाळीत क्लच केला की वो.’’ ‘‘तो क्लच. तो धरायचा नसतो.’’ फॉर्मवर मुलांनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली आहेत. शाबास.

यापुढे मुलाखतीला घरातली दुसरी व्यक्ती हजर असेल तर बघायचं, असं ठरलं.

५ जुलै

आलेल्या फॉर्ममध्ये सगळ्यांत मोठा ढीग एकाच शब्दाचा : खडखड. काही ठिकाणी ‘खाडखाड’, एका ठिकाणी ‘समोरनं कुणीतरी टकटक करतंय’. जॉब कार्डवर या सगळ्याचं एकच भाषांतर : ‘फ्रंट सस्पेन्शन नॉईज’. म्हणजे दोन रकाने सारखे नाहीत, आणि फरक इथेच गिळला जातो. टकटक आणि खाडखाड हे दोन वेगळे पार्ट आहेत.

आज पोरांना घेऊन उद्यमनगरात गेलो. ज्या मिस्त्रींकडे जातो त्यांच्या वडिलांनी ऑइल इंजिनं बांधली, हे निव्वळ गाड्यांचं काम बघतात. एक गाडी आणली होती जिचे पुढचे दोन्ही शॉकअप बाहेर बदलून झाले होते आणि आवाज जसाच्या तसा होता. मालक वैतागलेला. मिस्त्रींनी जॅक लावलाच नाही. पोराला शेजारी बसवलं आणि गाडी गल्लीत नेली. आधी सरळ स्पीड ब्रेकरवरून, दोन्ही चाकं एकदम. आवाज नाही. मग एकच चाक खड्ड्यात घातलं. टक.

‘‘लिंक रॉड,’’ म्हणाले. ‘‘पार्ट बदलणं काय, कोण बी बदलतंय. आवाज कुठनं येतोय ते ऐकाय पायजे आधी.’’

कारण मुलांकडून वदवून घेतलं. अँटी-रोल बार, म्हणजे वळताना गाडी कलू न देणारी दांडी, दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडलेला असतो. दोन्ही चाकं सारखी उचलली गेली तर बार नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही. एक चाक खाली आणि एक वर गेलं की पीळ बसतो आणि बार ज्या लिंक रॉडने जोडलेला आहे त्याच्या बॉल जॉइंटवर ताण येतो. जॉइंट ढिला असेल तर तेव्हाच वाजतो. उलट शॉकअपचा वरचा माउंट गेला असेल तर गाडी उभी असतानाच स्टिअरिंग वळवून कळतं. स्प्रिंग अडकून एकदम सुटते, ‘टण्ण’ होतं. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा हात, त्याच्या सांध्यातला रबरी बुश गेला असेल तर ब्रेक मारताना आणि सोडताना एकेकदा धप्प. लोअर आर्मचा बॉल जॉइंट असेल तर चाक उचलून पहारीने हलवून बघायचं, आणि यात हयगय नाही, कारण तो सुटला तर चाक आडवं पडतं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या कपलिंगमधूनही बारीक खटखट येते आणि ती हाताला जाणवते, पायाला नाही.

लिंक रॉड हा सस्पेन्शनमधला सगळ्यांत स्वस्त पार्टांपैकी एक. शॉकअपची जोडी त्याच्या कितीतरी पट. मालकाने दोन्हीचे पैसे दिले.

बुशचा मुद्दा वेगळा लिहून ठेवतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बऱ्याच गाड्यांना नुसता बुश मिळत नाही, अख्खा लोअर आर्म घ्यावा लागतो. उद्यमनगरात हायड्रॉलिक प्रेसवर जुना बुश काढून नवा बसवतात, निम्म्याहून कमी पैशांत. पण बुश कुठल्या कोनात दाबला यावर सगळं आहे. काही बुशांच्या रबरात पोकळ्या असतात, त्या ठरावीक दिशेलाच हव्यात. तिरका बसला तर चार-सहा महिन्यांत फाटतो आणि मग ‘लोकल पार्ट टिकत नाही’ असं नाव पडतं. पार्ट चांगला होता. मिस्त्रींनी जुन्या बुशवर खडूने खूण करून मगच दाबला, हे कागलच्या मुलाने फोटोसकट नोंदवलं आहे.

१२ जुलै

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे पावसाळी तक्रारी आताच भरपूर. गगनबावड्याच्या बाजूला नोकरी करणाऱ्या एका शिक्षकांची गाडी : मागच्या चाकातून विमानासारखी घूं. टायर बदलून झाले. डावीकडे वळताना वाढते आणि उजवीकडे वळताना कमी होते, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं, जॉब कार्डवर आलं नाही. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. उजव्या मागच्या चाकाची बेअरिंग. बदलली, आवाज गेला.

उंदीर. हा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता, वाढवावा लागला. शेताकडेला घर असलेल्या लोकांच्या गाड्यांत इंजिनावरची वायरिंग कुरतडलेली, विशेषतः ऊस तुटून गेल्यावर, कारण फड मोकळा झाला की उंदीर घराकडे सरकतात. एका ठिकाणी कुरतडलेली वायर एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरची होती आणि डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी. उपाय म्हणून सगळेजण निपाणीचा तंबाखूचा पाला पोटलीत बांधून बॉनेटखाली ठेवतात. चालतो का? ठेवणारे चालतो म्हणतात. पाला ओला झाला की वास जातो, पावसाळ्यात बदलत राहावा लागतो. आणि पोटली एक्झॉस्टच्या जवळ ठेवायची नाही, हे सांगायला लागतंय.

२६ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. हे आकडे इथल्या माणसाला स्वतःच्या गाडीच्या नंबरासारखे पाठ असतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा जवळपास तेवढंच. शिरोलीजवळ हायवे दोन्ही वेळा बंद झाला होता. आजचा दिवस त्या पुरांत सापडलेल्या गाड्यांच्या मालकांसाठी ठेवला.

ऐकताना दोन गट सरळ वेगळे पडले. एक, ज्यांची गाडी उभी होती आणि पाणी आत शिरलं. दोन, ज्यांनी पाण्यातून काढायचा प्रयत्न केला किंवा पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी’ म्हणून किल्ली फिरवली. पहिल्या गटातल्या बऱ्याच गाड्या आजही रस्त्यावर आहेत. दुसऱ्या गटात इंजिनं गेली. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की वाकतो तो कनेक्टिंग रॉड. शाहूपुरीतल्या एका मालकाने वाकलेला रॉड अजून ठेवलाय, दुकानात पेपरवेट म्हणून.

इन्शुरन्सचा भाग मुलांना नवीन होता. साध्या सर्वंकष पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण बुडालेली गाडी चालू करून मोडलेलं इंजिन हे ‘परिणामी नुकसान’ म्हणून बहुतेक कंपन्या नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. रबर, प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापायची जोडणी, नसेल तर. नदीकाठच्या गल्लीतल्या माणसाने या दोन जोडण्या न घेता सनरूफवाली गाडी घेतली, हे मी पाहिलंय. असो.

बुडून वाचलेल्या गाड्यांचं खरं दुखणं नंतर निघतं. सुरुवातीला गाडी उत्तम. मग एके दिवशी खिडकी चालत नाही, मग एअरबॅगचा दिवा, मग स्टिअरिंग जड. कार्पेटखालच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज. मालकाच्या शब्दांत : ‘‘रोज नवीन खोड.’’ जॉब कार्डवर प्रत्येक वेळी वेगळी, एकमेकीशी संबंध नसलेली तक्रार. पूर हा शब्द एकाही कार्डवर नाही.

९ ऑगस्ट

राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांची डिझेल गाडी, बीएस-६, म्हणजे धुराच्या सध्याच्या नियमांतली. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, मधे सीपीआर या सरकारी रुग्णालयात एखादी फेरी. गाडीचं मीटर किरकोळ. तक्रार त्यांच्या शब्दांत : ‘‘महिन्याला दिवा लागतो, गाडी दम टाकते, आणि ऑइल वाढतंय.’’

ऑइल वाढतंय! जॉब कार्डवर हे शेवटचं वाक्य नाही. सल्लागाराला वाटलं असेल, डॉक्टर चुकून उलट बोलले. ऑइल कमी होतं, वाढत कसं असेल?

वाढतं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या डिझेल गाड्यांना डीपीएफ आहे, म्हणजे धुरातली काजळी धरून ठेवणारी जाळी. काजळी साठली की गाडी ती जाळून टाकते. त्यासाठी जाळीतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं आणि ते नेण्यासाठी इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. हायवेला वीस मिनिटं एका लयीत गाडी चालली की काम फत्ते, चालवणाऱ्याला कळतही नाही. पण डॉक्टर बरोबर त्याच वेळी दवाखान्यात पोचतात आणि गाडी बंद करतात. जळण अर्धवट. पुढच्या खेपेला पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. आणि त्या जास्तीच्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी वर जाते आणि ऑइल पातळ होतं. पातळ ऑइलवर टर्बोच्या बेअरिंगा चालायच्या.

डिपस्टिक काढून डॉक्टरांना वास घ्यायला लावला. ‘‘डिझेल,’’ म्हणाले. निदान त्यांचंच.

आता उपाय. ऑइल बदलून स्कॅनरवरून सक्तीचं रिजनरेशन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळायला लावणं. पुढे दर आठवड्याला एकदा गाडी तापवून कागलच्या पुढे संकेश्वरपर्यंत, एका लयीत, खालच्या गिअरमध्ये, आणि दिवा पेटलेला असेल तर मधेच बंद करायची नाही. आणि ऑइल राख कमी असणारंच. काजळी जळते, ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. बाहेरच्या एका गॅरेजने त्यांना साधं डिझेल ऑइल भरून दिलं होतं. ग्रेडचा आकडा बरोबर होता, ५डब्ल्यू-३०. पण आकडा म्हणजे घट्टपणा. राखेचं मोजमाप डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं.

तिसऱ्या कुणीतरी ‘जाळीच काढून टाकू, कटकट जाईल’ असंही सुचवलेलं. डॉक्टरांनी विचारलं, काढावी का? मी विचारलं, पेशंटचं मूत्रपिंड कटकट करायला लागलं तर काढता का? हसले.

तीच गाडी, तेच इंजिन, त्याच वर्षाची, गोकुळ शिरगाव ते कराड रोज जाणाऱ्या एका सेल्सवाल्याकडे आहे. मीटर डॉक्टरांच्या कित्येक पट. डीपीएफचा दिवा त्याने पाहिलेलाच नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो, यासारखी गाडी नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर? दोन्ही फॉर्म मी एकमेकांना टाचून ठेवले आहेत.

३० ऑगस्ट

गणपतीची सुट्टी. पण घरी आलेल्या पाहुण्यांचा विषय एकच, ई-२०. पंपावर आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल. मायलेज पडलं, पिकअप गेला, पंप जळाला, सगळ्याचं खापर त्याच्यावर. शिरोळ तालुक्यातले एक ऊसवाले पाहुणे म्हणाले, ‘‘ऊस आमचा, कारखाना आमचा, इथेनॉल आमचं, आणि मायलेज बी आमचंच गेलं.’’

सुट्टी संपल्यावर मुलांकडून हिशेब करून घ्यायचा आहे, इथे कच्चा मांडतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा. म्हणजे वीस टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून ई-२० वर आलो नाही. दहा टक्के आधीच होतं. त्यामुळे तेव्हाच्या तुलनेत पडझड तीन-चार टक्क्यांच्या आसपास यायला हवी. सोळाचं मायलेज साडेपंधरा होईल. बारा झालं असेल तर बाकीचं इथेनॉलने नेलेलं नाही. टायरची हवा, घासणारे ब्रेक, बुजलेला एअर फिल्टर, पावसातलं ट्रॅफिक आणि एसी यांनी नेलंय, आणि ते शोधण्याऐवजी सगळे सरकारवर बोलून मोकळे होतात.

दुसऱ्या बाजूचं खरं तेही लिहायला हवं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइप, सील, गास्केट ई-२० धरून बनवलेले असतीलच असं नाही. इथेनॉल पाणी ओढतं. उभी राहणारी गाडी असेल तर टाकीच्या तळाशी त्याचा त्रास होऊ शकतो. जुन्या पेट्रोल गाडीचे इंधनाचे पाइप दरवर्षी हाताने दाबून बघायचे, चिकट किंवा फुगलेले वाटले तर बदलायचे. हे काम फार खर्चाचं नाही. आमच्याकडे आलेल्या फॉर्मांत इथेनॉलमुळेच झाला असं छातीठोक सांगता येईल असा एकही बिघाड अजून हाती नाही. संशयित आहेत, त्यांना वेगळी खूण केली आहे.

१३ सप्टेंबर

क्लच. जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याचं वाघबीळ, आंबा घाट.

एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी गाडी, घेतलेल्या लोकांना कुणीतरी सांगितलेलं असतं की ही ऑटोमॅटिक आहे. गाडीत तिसरा पेडल नाही म्हणून क्लच नाही असं त्यांना वाटतं. क्लच आहे, तोच कोरडा, तोच घासणारा. फक्त तो दाबायला माणसाच्या पायाऐवजी अ‍ॅक्च्युएटर आहे. चढावर रांगेत उभं असताना ब्रेकऐवजी हलका अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवली की क्लच अर्धवट टेकून जळत राहतो. चैत्र यात्रेच्या गर्दीत जोतिबावर असं तासभर चाललं की वास येतो. ड्युअल क्लचमधल्या कोरड्या प्रकाराचंही तेच, तिथे वर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येतो.

यावर मालक आणि वर्कशॉप यांचं जे भांडण होतं ते ठरलेलं. मालक : वॉरंटीत आहे. वर्कशॉप : क्लच ही वापरातली झीज. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर. पण एका फॉर्ममध्ये क्लच प्लेट सारखी जळत होती आणि मालक सपाटीवर, जयसिंगपूरलाच चालवतो. तिथे संशय अ‍ॅक्च्युएटरच्या कॅलिब्रेशनवर घ्यायला हवा होता. क्लच किट बदलल्यावर त्याला नवा टेकणबिंदू स्कॅनरवरून शिकवावा लागतो. शिकवला का, हे बिलावर लिहिलेलं नाही. मुलांनी वर्कशॉपला फोन केला, उत्तर आलं : ‘‘करतोच की आम्ही.’’

२४ सप्टेंबर

परवा, २२ तारखेपासून जीएसटी बदलला. वाहनांच्या सुट्या भागांवर २८ चा १८ झाला. म्हणून नोंदवहीतली सगळी बिलं आता कर वगळून लिहायची, नाहीतर जुलैतला शॉकअप आणि ऑक्टोबरातला शॉकअप यांची तुलना फसेल. जयसिंगपूरच्या मुलाने जुनी बिलं पुन्हा काढायला घेतली. तोंड वाकडं करून.

छोट्या गाड्याही १८ वर आल्या, म्हणून शोरूमना गर्दी. त्यांना आमच्याकडे यायला अजून वेळ आहे.

११ ऑक्टोबर

मुलांनी ओबीडीमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचायच्या सॉकेटमध्ये, लावायचं स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल आणलंय आणि दिसेल त्या गाडीला लावतायत. बरं झालं, कारण आज एक नमुनेदार केस आली.

साधं पेट्रोल इंजिन, इंजिनचा दिवा पेटलेला, कोड पी०१७१. बाहेर ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला. दिवा गेला आणि थोड्या दिवसांनी परत आला. मग दुसरा सेन्सर सुचवला गेला. मालक म्हणतो गाडीच सदोष.

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने इंधन कमी, एवढंच. कोड लक्षण सांगतो, पार्टचं नाव सांगत नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलल्यासारखं सेन्सर बदलतात. गडहिंग्लजच्या मुलीने फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधन किती वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, काढला. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना, खूप वर, २५०० आरपीएमला नेल्यावर जवळपास सरळ. याचा अर्थ कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. आयडलला एकूण हवाच थोडी असते, त्यामुळे चोरटी हवा तिथे डोळ्यांत भरते. आरपीएम वाढवला की तीच गळती एकूण हवेत बुडून जाते. इंधनाचा पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर उलट झालं असतं, जोर दिल्यावर ट्रिम वाढला असता.

मिस्त्रींकडच्या धुराच्या यंत्राने इनटेकमध्ये धूर सोडला. क्लॅम्पच्या खाली, वरून दिसत नाही अशा जागी पाइपला चीर. धूर तिथूनच. पाइप बदलला. मुलीने जुना पाइप मागून घेतला, प्रयोगशाळेत भिंतीवर लावायला.

जुना पार्ट मागून घेणं हे आता फॉर्मवर आहे. बदललेला पार्ट बघायला मिळाला का? हो किंवा नाही. वॉरंटीतला पार्ट कंपनीला परत द्यावा लागतो, तो सोडून. बहुतेक उत्तरं ‘नाही’ आणि त्याखाली ‘मागायचा असतो होय?’

विजेच्या तक्रारींत आणखी एक ओळ वाढते आहे : स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत बॅटरी गेल्यावर साधी बॅटरी टाकलेली. त्या गाडीला वारंवार सुरू-बंद सोसणारी ईएफबी लागते. साधी स्वस्त पडते आणि लवकर बसते. मग ‘या कंपनीच्या गाडीला बॅटऱ्या टिकत नाहीत’. बाहेरून लावलेले हॉर्न, फॉग लाइट, त्यासाठी मूळ वायर सोलून मारलेले जोड, याबद्दल लिहायचं तर वेगळी वही लागेल.

१ नोव्हेंबर

आज पानं उलटून मागची कंपनी आणि मॉडेलं पाहिली. मुलं निकाल लागल्यासारखी बसली होती.

वर्गवारी करताना त्रास न देणाऱ्या, मधल्या आणि त्रासदायक, असे तीन गठ्ठे केले होते. प्रत्येक गठ्ठ्यात जवळपास सगळ्या कंपन्या निघाल्या. डॉक्टर आणि सेल्सवाल्याची जोडी एकटी नाही. तशा आणखी जोड्या आहेत, एक गाडी पहिल्या गठ्ठ्यात आणि तिची जुळी बहीण तिसऱ्यात. तिसऱ्या गठ्ठ्यातली पानं पुढच्या बाजूने वाचली तर मात्र ती एकमेकांसारखी दिसतात : फार छोट्या फेऱ्या किंवा फार वाईट रस्ता, आणि एकाच तक्रारीसाठी वेगवेगळे पार्ट बदललेले. पहिल्या गठ्ठ्यातही बिघाड आहेत. फक्त ते पहिल्याच खेपेला सापडलेले आहेत.

कंपनीप्रमाणे जे खरंच बदलतं ते वेगळं आहे : कुठला पार्ट सुटा मिळतो आणि कुठला अख्खाच घ्यावा लागतो, पार्ट यायला किती दिवस लागतात, आणि सल्लागार गाडीत बसून फेरी मारतो की टेबलामागून लिहितो. शेवटचं तर कंपनीपेक्षा माणसावर. इकोस्पोर्टचं उदाहरण मुलांना चकवून गेलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि आमच्याकडे आलेले तिचे मालक सगळ्यांत नीट नोंदी ठेवणारे निघाले. सर्व्हिसच्या महिनाभर आधी पार्टची चौकशी करतात, फिल्टर घरात आणून ठेवतात.

हे आमच्याकडे जे आले त्यांचं चित्र आहे. ज्यांना बोलायचं होतं तेच आले. म्हणून क्रमवारी छापायची नाही, हे पक्कं.

कागलचा मुलगा अजून नाराज. ‘‘सर, मग लोकांनी घ्यायची कुठली?’’

‘‘तुझा रोजचा रस्ता कुठला?’’

‘‘कागल ते कॉलेज. हायवेच.’’

‘‘मग तुला डिझेल चालेल.’’

‘‘पैसे न्हाईत, सर.’’

‘‘मग एसटी.’’

१५ नोव्हेंबर

अहवालाला जोडायचं एक पान तयार केलं. गाडी वर्कशॉपला देताना मालकाने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं : आवाज कसा, कधी, थंड असताना की तापल्यावर, वळताना की ब्रेक मारताना, एक चाक खड्ड्यात की दोन्ही. सल्लागाराने त्याच्या भाषेत बदलायचं नाही, ते पान तसंच जॉब कार्डला टाचायचं. दोन वर्कशॉपांनी वापरून बघतो म्हटलंय.

मागच्या बाजूला रिकॉलबद्दल चार ओळी. आपली गाडी परत बोलावलेल्यांत आहे का हे कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून बघता येतं, आणि ते काम फुकट होतं. मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये मोटर जनरेटर युनिट तपासायला १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या, त्यात विटारा ब्रेझाही होती. सेकंडहँड घेणाऱ्याला अशी पत्रं येत नाहीत, ती पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातात. वाद मिटलाच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग.

दुपारी इचलकरंजीचा एक तरुण आला. वापरलेली गाडी बघून ठेवलीय, एकदा नजर टाका म्हणाला. मुलांना पाठवलं. रंग उत्तम, इंजिन गोड, इंटिरिअर नव्यासारखं. गडहिंग्लजच्या मुलीने मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. जो भाग कायम गुंडाळलेला राहतो त्यावर चिखलाची सरळ रेघ. सीटखालच्या रुळांच्या नटांवर गंज. नोंदणीचं वर्ष २०१८, म्हणजे बुडायला २०१९ किंवा २०२१, जे हवं ते घ्या.

त्याला सगळं सांगितलं, हिरव्या गंजासकट. त्याने ऐकून घेतलं, एजंटला फोन लावला आणि ती रेघ दाखवून पन्नास हजार पाडून गाडी घेतली. मुलांनी तिथेच फॉर्म भरून घेतला. तक्रारीचा रकाना सध्या रिकामा, पहिला दिवा पेटला की फोन करतो म्हणालाय.